लोखंडाची वाकळ

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

केनवड,
दि. ९ डिसेंबर २०२४

चि. सौ. गोकर्णा हिस,

ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी.

तुझ्या कानाचं यंत्र अजून डबीतच असणार. फोन केला की तू नुसतं हो हो म्हणतेस, म्हणून लिहिणंच बरं. शिवाय आजची गोष्ट फोनवर बोलण्यासारखी नाही. शेजारच्या कमलीबाईचे कान तुझ्या अगदी उलट आहेत. माझ्या फोडणीत मोहरी किती पडली तेही तिला भिंतीपलीकडून कळतं. दुपारी घरखर्चाची वही लिहून झाली, त्याच पेनाने तुला लिहिते आहे.

आमच्या घरासमोरची मोकळी जागा तुला ठाऊक आहे, पोळ्याला बैल उभे राहतात ती. तिथे लोखंडी खांब रोवले आहेत. मी आधी समजले, मोबाईलचा टॉवर. मग वाटलं, आमचा ओटा पाडायचा डाव आहे. शेवटी सरपंच रामकिसनला ओट्यावर बोलावून विचारलं. तो म्हणाला, काकू, शिल्प होऊन राह्यलं. मी विचारलं, कोणत्या देवाचं? म्हणे, देवाचं नाही. मग कोण्या पुढाऱ्याचं? म्हणे, तेही नाही, गावाचं आहे. आता तूच सांग, ना देवाचं ना पुढाऱ्याचं, मग त्यासाठी एवढी धावपळ कोण करेल? पुढे म्हणतो, याला हात लावायचा, ढकलायचं, फिरवायचं. आजवर मी जिथे जिथे गेले तिथे हात लावू नये अशीच पाटी पाहिली. हात लावा म्हणतात तिथे काहीतरी गोम असते.

ज्या संस्थेला हे काम दिलं, तिची माणसं घरोघर फिरून जुनी भांडी, फुटकी अवजारं मागत होती. सगळ्यांनी दिली. कमलीबाईने तर फुटकी परात राख लावून घासून दिली, जसं काही लेकीला आंदण देते. मी काही दिलं नाही. भंगारवाला निदान वजन तरी करतो. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, तुले तर पावसातही कोणाचा तरी हात दिसते. त्यांना खोकला झाला आहे, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

आता मुख्य गोष्ट. मायच्या वाकळीचा एक हिवाळा तुझ्याकडे, एक माझ्याकडे, असं आपण तिच्या दिवसांतच ठरवलं होतं. यंदा पाळी माझी. दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, वाकळ आली नाही. परवा पोथीला बसले आणि उगाच माय डोळ्यांपुढे आली. वाकळ शिवून होत आली की ती पायथ्याचा डावा कोपरा उघडा ठेवायची. चुलीवरून भाकर आणायची, तीळगूळ लावायची, आधी स्वतः एक घास खायची आणि उरलेला तुकडा आत घालून टाका मारायची. शिवणारी उपाशी असली तर वाकळीच्याही अंगी लागत नाही, असं म्हणायची. गावात दुसरं कोणी असं करत नव्हतं. लोक हसायचे.

ती वाकळ कोणत्या बसने पाठवतेस ते कळव. तुझ्या लेकीबद्दल मी विचारत नाही. पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी खाली ठेवून, मला हे लग्न करायचं नाही, असं जी म्हणते तिला मावशीची काय गरज? स्थळ माझ्या जावेच्या मुलाचं होतं. जाऊबाई अजून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. तेव्हापासून मी तिचं नाव टाकलं, ते टाकलंच.

जावईबापूंना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ताई

*

जऊळका,
ता. १८

तीर्थरूप ताईच्या पायी,

गोकर्णाचा डोकं टेकून नमस्कार.

तुझं पत्र आलं, वाचून मी अन् हे दोघंही हसलो. ताई, तू लहानपणी शाळेत शिक्षण खात्याचे साहेब आले तं घरी येऊन बापूले सांगितलं होतं का ते आपला बैल पाह्याले आले. तुह्या डोळ्याचं काही औषध नाही.

कानाचं यंत्र मी लावते, पण त्यात गाडीचा भोंगा माणसाहून मोठा ऐकू येते. टेशनापाशी घर असल्यावर दुसरं काय होईन? म्हणून काढून ठेवते.

वाकय माह्यापाशीच आहे, काळजी करू नको. जरा ऊन दाखवून राह्यली. एका ठिकाणी शिवण उसवली होती, ते पाह्यतो अन् पाठवतो. संक्रांतीपर्यंत येईन. तवर तू भाऊजीची जाड रजई घे.

त्या लोखंडाचं एवढं मनावर काहून घेतं? गावात चांगलं होऊन राह्यलं तं होऊ दे. लोकं आपल्या गावात सिमेंटचे हत्ती उभे करतात, ते तुले चालतात. अन् एक सांगतो, त्या पोरी थंडीत बाहेर काम करतात, त्यांच्या जेवणाखाण्याचं कोण पाह्यते? कधी कपभर चहा पाठवत जा. तुह्या दारासमोर कोणाचं लेकरू उपाशी राहू नये, एवढंच.

वर्षूचं तू विचारलं नाही, मीही सांगत नाही. कामाले लागली, बरी आहे.

भाऊजीले खोकल्यासाठी अडुळशाचा काढा दे. लहान बहिणीवरचा राग अन् लोभ दोन्ही सांभाळून ठेव.

तुझी,
गोकर्णा

*

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

केनवड,
दि. ६ जानेवारी २०२५

चि. सौ. गोकर्णा हिस,

आशीर्वाद. हे पत्र नीट बसून वाच. भाजी चुलीवर असेल तर उतरवून ठेव.

पहिलं म्हणजे, मी तुला खांब रोवले एवढं लिहिलं होतं. तिथे पोरी काम करतात हे तुला कोणी सांगितलं? मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. पोरी हा शब्द तुझाच आहे, माझा नाही.

दुसरं म्हणजे, ते उभं राहिलं आहे आणि आता ते काय आहे हे मला कळलं आहे. वलणीवर वाळत घातलेली वाकळ असते ना, थोडी पुढे झुकलेली, तशी ती लोखंडाची वाकळ आहे. आमच्या घराहून उंच. ठिगळं पत्र्याची, पितळेची, कुठे तांब्याची. कमलीबाईची परात त्यात आहे, दौलतसिंगच्या बंद पडलेल्या गिरणीचं झाकण आहे, कोणाच्या डवऱ्याची तण काढायची पास आहे. एकेक ठिगळ सळईवर बसवलं आहे. ढकललं की गरकन फिरतं, एका अंगाने गंजकं, दुसऱ्या अंगाने रंगवलेलं, आणि आतले खडे खुळखुळतात. ज्याने त्याने आपल्या मनाची नक्षी करावी म्हणे. सकाळी बायका पाण्याला जाताना फिरवून जातात, शाळा सुटली की पोरं लटकतात. पत्र्याला ओळीने बारीक भोकं पाडली आहेत. ऊन कलतं तेव्हा त्या भोकांतला उजेड माझ्या ओट्यावर येऊन पडतो, धावदोऱ्याच्या टाक्यांसारखा. तुला सांगायला हरकत नाही, पहिल्या दिवशी मी तो खराट्याने झाडायला गेले होते.

पण गोकर्णे, ती कोणाचीही वाकळ नाही. मधल्या पट्ट्यात एक ठिगळ तिरपं आहे. रॉकेलची चिमणी पडून मायची वाकळ जळाली होती आणि तिने घाईत तिरपं ठिगळ लावलं होतं, ते हेच. तिच्या लुगड्याचा काठ जिथे संपतो आणि बापूच्या धोतराचा तुकडा लागतो, तिथे इथेही रंग बदलतो. मायच्या वाकळीवर मी तिन्ही बाळंतपणं काढली आहेत, माझी नजर चुकणार नाही. ही नक्षी त्यांना कोणी दिली? वाकळ तुझ्यापाशी आहे म्हणतेस, तर मग ती यांनी कुठे पाहिली? सरळ विचारते, तू ती कोणाला विकलीस का? लोक आजकाल जुन्या वाकळी मागत फिरतात असं ऐकलं आहे.

तिसरं. यांची जी मुख्य बाई आहे तिला सगळे रानी मॅडम म्हणतात. जोडकाम करताना तोंडावर तो काळ्या काचेचा मुखवटा, आणि मुखवटा काढला की लगेच स्कार्फ, नुसते डोळे उघडे. पाणी प्यायची तर माझ्या ओट्याकडे पाठ करून पिते. ज्याच्या मनात काही नाही तो तोंड कशाला लपवेल? तिची चाल थेट मायसारखी आहे, डावा खांदा जरा खाली. मेलेल्या माणसाची चाल जिवंत माणसात दिसू नये.

चौथं. सगळी ठिगळं भरली, पण एक चौकोन रिकामाच ठेवला आहे, बरोबर माझ्या दारासमोरचा. त्यातून पाहिलं तर माझं तुळशीवृंदावन दिसतं. मी रामकिसनला विचारलं तर म्हणाला, मॅडम म्हणतात तो राहू द्या. कशाला राहू द्या?

आणि शेवटचं ऐक. परवा मी तुळशीला पाणी घालत होते. त्या रानीने पायथ्याच्या कोपऱ्यात, तिथे लोखंडाची पेटीसारखी पोकळ जागा आहे, आधी हळदकुंकू वाहिलं. मग ओढणीआडून काहीतरी काढलं, आत ठेवलं आणि वरून झाकण जोडून टाकलं. ठिणग्या उडाल्या आणि जळण्याचा असा वास सुटला की अख्खी गल्ली बाहेर आली. कमलीबाई म्हणाली, अन्न जळते. कोणी म्हणालं, केस. मी घरात जाऊन मीठ उतरवून टाकलं. अंगाला लागलेलं कापड हाती आलं की त्यावर काय काय करता येतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मायच्या वाकळीचा तुकडा त्या कोपऱ्यात नाही, हे मी कसं मानू?

ग्रामसभा २६ तारखेला आहे. तिथे मी उभी राहणार आणि ते लोखंड माझ्या दारासमोरून काढून टाका म्हणणार. गल्लीतल्या बायका माझ्या बाजूने आहेत. त्याआधी वाकळ अखंड माझ्या हातात पडली तर ठीक.

तिळगुळाचे दाणे सोबत पाठवते आहे. राग असला तरी सण सण आहे.

तुझी,
ताई

*

(डब्याच्या पिशवीत आलेली चिठ्ठी)

आई,

मालेगावच्या बसने डबा परत पाठवते आहे. मेथीची भाजी संपली, लोणचं ठेवून घेतलं. तुला फोनवर सांगता येत नाही आणि मोबाईलवर लिहिलेलं बाबा मोठ्याने वाचतात, म्हणून चिठ्ठी.

तू सांगितलंस तसंच केलं. भाकर तूच भाजलेली, तीळगूळ लावला, आधी मी एक घास खाल्ला आणि उरलेली कोपऱ्यात ठेवली. हळदकुंकू वाहिलं. फक्त एक गोष्ट आपल्या दोघींच्याही डोक्यात आली नाही. आजीची वाकळ सुईने बंद व्हायची, माझी वेल्डिंगने. झाकण जोडता जोडता आतली भाकर पेटली आणि सगळ्या गल्लीत वास गेला. आता गावात बोलतात की मी करणी केली. दोन घरांनी आम्हाला पाणी द्यायचं बंद केलं. मावशी दिवसभर ओट्यावर बसून माझ्याकडे पाहते. मुखवट्यात घाम येतो, पण काढायची हिंमत होत नाही.

तुला शप्पथ घातली आहे ती मोडू नकोस. इथे सगळ्यांना मी रानी हेच नाव सांगितलं आहे. मी कोण आहे हे कळलं तर ती कामाकडे पाहणारच नाही, त्या पोह्यांच्या बशीकडेच पाहील. मला तिने एकदा, फक्त एकदा, नाव माहीत नसताना हे बरं झालं असं म्हणायला हवं आहे. म्हणून तर संस्थेने गाव दिल्यावर मी जागा हीच मागितली. आजीच्या वाकळीचा अर्धा संसार या दारात झाला.

पण ग्रामसभेने नको म्हटलं तर संस्था हे कापून नेणार, तसं त्यांनी सांगितलंय. पुढचं मालेगावचं काम मग मला मिळणार नाही. पहिलंच काम गावाने उपटून टाकलं, असं ज्याचं होतं त्याला दुसरं कोण देतं?

वाकळ माझ्याकडे अगदी नीट आहे. काम झालं की मीच पाठवते.

वर्षू

*

जऊळका,
ता. १९ जानेवारी

तीर्थरूप ताईस,

गोकर्णाचा नमस्कार.

तिळगूळ भेटला. गोड होता, पण त्याच्यासंगतीचं पत्र लय कडू होतं. मायची वाकय मी विकीन? ताई, हे तू लिहिलं कसं? माय गेली तवा तिच्या पाटल्यांची वाटणी झाली, मी तोंडातून शब्द नाही काढला. फकस्त वाकय मागितली, अन् तीही तुह्यासंग अर्धी अर्धी केली. तुह्या मनात हे आलं हेच मले ऐकू आलं, बाकी काही ऐकू नाही आलं तरी चालते.

वाकय सुखरूप आहे. तिचा एक धागाही कोणी कापला नाही. ती तुह्या घरी येईन, मी जबान देतो. याच्याहून जास्त मले सांगता येत नाही. मी कोणाच्या तरी शपथीत हाव. मले माहीत आहे, हे वाचून तुह्या डोक्यात अजून भुंगे सुटतीन.

पण पाया पडून सांगतो, ते काम तोडाले लावू नको. कोणाच्या तरी लेकराचा हात आहे त्याच्यात. त्या कोपऱ्यात वाईट काही नाही. तुले मायची आठवण येते ना, मग ते कोण काय करून राह्यलं ते मायच्या डोयानं पाह्य. तुह्या डोयानं नको.

येवढं ऐकलं तं जलमभर ऋणी राहीन. नाही ऐकलं तरी बहीणच राहीन, पण बोलणार नाही.

गोकर्णा

*

(पोस्टकार्ड)

केनवड, २२ जानेवारी

चि. गोकर्णा हिस आशीर्वाद. पत्र मिळाले. कोपऱ्यात वाईट काही नाही, हे तुला जऊळक्यात बसून कळते आणि मला समोर बसून कळत नाही, याचा अर्थ काय घ्यावा? कोणाच्या शपथेत आहेस तेही विचारत नाही. शनिवारी एकादशी आहे. तो उपवास मी कोपरा उघडून पाहिल्यावरच सोडणार, तोवर अन्न घेणार नाही, असं बालाजीपुढे बोलून आले आहे. आत काय आहे ते देवापुढे आणि गावापुढे येऊ दे. ताई.

*

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

केनवड,
दि. २८ जानेवारी २०२५

चि. सौ. गोकर्णा हिस,

ताईचे अनेक अनेक आशीर्वाद. तू बोलणार नाहीस असं लिहिलं होतंस. नको बोलू, आधी वाच.

रविवारी झेंडावंदन झालं आणि ग्रामसभा तिथेच, त्या लोखंडासमोर भरली. बाजारचा दिवस असावा तशी गर्दी. रामकिसनने मला आधीच बाजूला घेऊन बजावलं होतं, काकू, करणी हा शब्द सभेत काढू नका, त्याचा कायदा आहे, लफडं होईन. म्हणून मी उभी राहिले आणि एवढंच म्हणाले की माझ्या दारासमोर कोपऱ्यात काहीतरी बंद केलं आहे, ते उघडून दाखवावं, आणि नंतर हे सगळं इथून हलवावं. गल्लीतल्या बायकांनी माना डोलावल्या. कमलीबाईने मूठ बांधली होती, तिच्यात मीठ होतं हे मला माहीत होतं. आमचे हे पिंपळाआड जाऊन खोकत उभे राहिले.

रामकिसनने रानी मॅडमला विचारलं. तिने मुखवटा लावला, कापायचं यंत्र घेतलं आणि कोपऱ्याशी बसली. ठिणग्या उडाल्या तशी माणसं मागे सरकली. झाकण निघालं. कोतवाल बाबूसिंगने ताट आणलं, पण आत हात घालायला कोणी तयार होईना. दौलतसिंग म्हणाला, जिनं तक्रार केली तिनंच पाहावं. बरोबरच होतं. मी बालाजीचं नाव घेऊन वाकले.

आत भाकर होती. कोळसा झालेली, पण भाकरच. कडेला गूळ करपून काळा मणी झाला होता, त्याला तीळ चिकटले होते. आणि एका बाजूने तिचा घास मोडलेला होता. दातांनी.

मी तशीच वाकलेली राहिले. लोक विचारत होते, काय आहे, काय आहे. कोणी म्हणालं, काकूला भोवळ आली, उपवास आहे. गोकर्णे, मी पाहत होते की कोपरा कोणता आहे. पायथ्याचा, डावा. अख्ख्या पृथ्वीवर असा कोपरा भरणारी एक होती, ती गेली. ज्यांनी तिला पाहिलं त्या दोघी उरल्या. एक मी, आणि मी तर भरला नव्हता.

मग सगळं एकदम उलगडलं. तुझ्या पोरी, तुझा चहा, तुझी शपथ, आणि ती खांद्याची चाल. मेलेल्या माणसाची चाल जिवंतात कशी आली म्हणून मी मीठ उतरवत बसले होते. नातीत येणार नाही तर कुठे येईल? मॅट्रिक झालेल्या बाईला हे कळू नये.

मी सरळ झाले. सगळं गाव माझ्या तोंडाकडे पाहत होतं. त्या मुलीने यंत्र बंद करून खाली ठेवलं. मी मोठ्याने सांगितलं की हा आमच्या माहेरचा रिवाज आहे, वाकळ शिवली की तिला जेवू घालतात, यात भिण्यासारखं काही नाही. कमलीबाई म्हणाली, मंग जळली काहून? मी म्हटलं, पोरगी नवशिकी आहे, तवा आणि वेल्डिंग यातला फरक तिला कोणी शिकवला नाही. लोक हसले. कमलीबाईने मूठ उघडली आणि मीठ हळूच मातीत सोडून दिलं.

मग मी तिला म्हटलं, मुखवटा काढ. तिने काढला. स्कार्फही काढ म्हटलं. गोकर्णे, किती वाळली आहे ती. तू डबे पाठवत होतीस की नुसती मेथी?

मी तिच्याशी काही गोड बोलले असं समजू नकोस. जाऊबाईंचं मला विसरता येत नाही, अजूनही नाही, आणि ते मी तिला तिथेच सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे मावशी. मी विचारलं, हे सगळं तू मनाने केलंस? ती म्हणाली, आजीनं केलं, मी फक्त लोखंडात उतरवलं. तेव्हा मी म्हटलं की तिरपं ठिगळ बरोबर बसलं आहे. बरं झालं आहे. हे मी नाव कळल्यावर म्हटलं. तिला नाव माहीत नसताना हवं होतं, असं तिने मला नंतर सांगितलं. त्याला आता इलाज नाही. पण तिला सांग, नाव माहीत नसताना मी रोज दुपारी ओट्यावर बसून ते उन्हाचे टाके पाहत होते. फक्त खराटा हातात होता, म्हणून कोणाला कळलं नाही.

सभेत रामकिसनने विचारलं, काकू, मग हलवायचं का? मी म्हटलं, आधी जेवायचं. घरी गेले, चूल पेटवली, ज्वारीची भाकर टाकली, तीळगूळ लावला. ती घेऊन परत आले तोवर एक माणूस हलला नव्हता. उपवास कोपरा पाहिल्यावर सोडणार असं देवाला बोलले होते. कोपरा पाहून झाला होता, आणि द्वादशीही लागलीच होती. आधी मी घास घेतला, सगळ्यांसमोर. अर्धी वर्षूच्या हातात दिली. तिने घास घेतला आणि उरलेली कोपऱ्यात ठेवली. या वेळी झाकणाला नटबोल्ट लाव म्हटलं. भाकर दरसाल बदलता येईल आणि जळणारही नाही.

मग मी तिला तो रिकामा चौकोन विचारला. ती म्हणाली, मावशी, सगळ्या गावानं काही ना काही दिलं, तुमच्याच घरचं काही आलं नाही. म्हणून जागा ठेवली. मी घरात गेले. तुला आठवतो, मायने मला पहिल्या दिवाळीला दिलेला बिडाचा तवा? तो दोन वर्षांपूर्वी तडकला, तेव्हापासून कोठीत पडून आहे. नवा तवा नेऊ की तो नेऊ, याचा मी थोडा विचार केला. आमचे हे म्हणाले, एवढ्या लोकांसमोर फुटका नेतं का? मी म्हटलं, वाकळीला नवं कापड कोणी लावतं का?

तो आता त्या चौकोनात बसला आहे. वर्षूने त्याची तड तशीच ठेवली. दुपारी त्या तडेतून उजेडाची एक रेघ येते आणि थेट तुळशीवर पडते.

वाकळही हातात आली. वर्षूने स्वतः आणून दिली. खरं सांगते, ती गेल्यावर मी चारी कोपरे उलटून पाहिले. धागा कापलेला नाही. पण काठाजवळ निळ्या दोऱ्याचा एक टाका नवा दिसतो. तो कोणी घातला ते कळव. विकण्याबद्दल मी जे लिहिलं तो कागद फाडून टाक आणि चुलीत घाल. बाकीची पत्रं ठेव.

आता तू ये. कानाचं यंत्र नाही आणलं तरी चालेल. मी इकडून ठिगळं फिरवीन, तू पलीकडच्या खांबावर तळहात ठेव. खडे खुळखुळले की सगळी चौकट थरथरते, हातात येतं. मी डोळे मिटून करून पाहिलं आहे. वर्षू फेब्रुवारीपर्यंत इथेच आहे, आमच्याकडेच जेवते. मालेगावचं काम तिला मिळेल असं रामकिसन म्हणतो. त्याचा मला पूर्ण भरवसा नाही, म्हणून मी स्वतः त्या संस्थेच्या माणसाला ओट्यावर बोलावलं आहे.

बोलणार नाही असं लिहिलं होतंस ते मी धरत नाही. तू माझं धरू नकोस. लोभाचा टाका उसवला होता, तो मी माझ्या बाजूने घातला आहे. गाठ तू मार.

तुझी,
ताई

ता. क. येताना ज्वारी आणू नकोस, घरात आहे. मेथी आण. ती पोरगी मेथीच मागते.